शापाला नियम द्या, भुताचा खर्च वाचतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे, कैक वर्षं कुलूप लागलेलं दुमजली लॉज आहे. मालक एका मित्राचे मामा, पंधरा रात्रींसाठी फुकट द्यायला तयार. आठ जणांची टोळी, स्वतःचा एक कॅमेरा आणि वर्गणीचे सहा लाख रुपये. शापित हॉटेल, तिथं अडकलेली पाच माणसं आणि एकेकाला टिपणारं भूत असा सिनेमा काढायचा आहे. 'भुतासाठी दोन लाख व्हीएफएक्सला काढून ठेवलेत, पुरतील का?' असं विचारलंय. आणि जाता जाता हेही, की शेवटी नायिका जगवावी की मारावी.

दोन लाख पुरणार नाहीत. वीसही पुरले नसते. आजचा प्रेक्षक जगभरची भुतं मोबाइलवर पाहून बसलाय, त्यांच्या शेजारी तुमचं भूत उभं राहिलं की ते कार्टूनच दिसणार. पण ते पैसे तुम्हाला लागणारच नाहीत.

माझी सुरुवात गडचिरोलीतल्या वडशाची. झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावचं नाटक रात्री उशिरा उघडतं ते उजाडेपर्यंत चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. तीन हंगाम मी तिथं तोंडं रंगवली, खुनाच्या प्रवेशांना रक्त पुरवलं, नंतर छोट्या सिनेमांच्या मेकअप आणि कला विभागात गेलो. वडशानं एक गोष्ट शिकवली. पहाटे तीनला पेंगायला लागलेला मांडव भूत दाखवून जागा होत नाही. बाजावाला मध्येच थांबला आणि विंगेत नुसता कंदील हलला, की मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा घोंगडं सारून बसतो.

आता मुद्द्यावर येतो. स्लॅशर आणि भुताटकी ही दोन पिकं आहेत. एका वावरात घेता येतात, पण कपाशीत तूर घेतो तशी, ओळी ठरवून. स्लॅशरची भीती देहाची असते: हातात हत्यार असलेला कुणीतरी चालत येतोय, दाराला कडी लावली तर क्षणभर थांबतो, जिन्यावर त्याची पावलं वाजतात. भुताला यातलं काहीच अडवत नाही. ते भिंतीतून येतं. मग तुमची पोरगी पळते तरी कशाला? भूत काहीही करू शकतं हे प्रेक्षकाला एकदा कळलं की त्याची भीती संपते, तो नुसता वाट बघत बसतो. म्हणून शापाला नियम हवा. तो कधी चालतो, कुठवर चालतो, कुणाला लागतो आणि कशानं मारतो, ही चार उत्तरं पटकथेच्या पहिल्या पानाच्या वर लिहा. ती पक्की असली की पडद्यावर रिकामा व्हरांडा दाखवला तरी माणूस खुर्चीत आवळून बसतो. रिकाम्या व्हरांड्याला पैसे पडत नाहीत.

तुमच्या टिपणातला शाप मला पटला नाही. 'पूर्वी इथं एका बाईला जाळलं होतं, तिचा आत्मा' हे फार झालंय, आणि आपल्याकडे ते नुसतं जुनं नाही, घातकही आहे. विदर्भात करणी करते म्हणून म्हाताऱ्या, एकट्या बायांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचत मोठे झालो. कुणाला चेटूक करणारी ठरवून छळणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सिनेमा काढणं गुन्हा नाही, पण गावातल्या कुण्या म्हातारीकडे लोक उद्या तुमच्या सिनेमाच्या नजरेनं बघायला लागले, तर त्याचं काय करणार?

त्यापेक्षा लॉज कुठं आहे ते बघा. नाल्याच्या पलीकडे, म्हणजे बहुधा शिवेवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मारबत, म्हणजे सगळ्या पिडांचा पुतळा, गावाबाहेर नेतो. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती 1880 च्या दशकापासून निघतात, बडग्यांसकट, म्हणजे सोबतच्या बांबू-कागदाच्या पुतळ्यांसकट, पण लहान गावांतही घरची-दारची रोगराई अशीच शिवेपार सोडून यायची रीत आहे. आता धरा, ती जिथं टाकायचे त्याच जागेवर कुणीतरी लॉज बांधलं. गावानं वर्षानुवर्षं हाकललेलं सगळं त्या पायाखाली आहे. तुमचं भूत म्हणजे कुणी मेलेली बाई नाही. गावाचीच घाण, बडग्याचं तोंड लावून परत आलेली. नियमही आपोआप मिळतो: फक्त त्या एका रात्री, फक्त शिवेच्या त्या बाजूला, आणि फक्त त्यालाच, ज्यानं कधीतरी आपली पिडा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली. पाचही जणांना असं एकेक पाप द्या. एकानं आपलं कर्ज भावाच्या नावावर चढवलं, एकानं अपघात करून ड्रायव्हरला पुढे केलं. खुनाचा क्रमसुद्धा यातून ठरतो. घेतली तर घ्या, नाही तर तुमचं तुम्ही शोधा, पण शोधाल ते तुमच्या शिवेतलं असू द्या.

मुखवट्याचंही तेच. 1978 च्या 'हॅलोवीन'चा खुनी आठवतो ना? तो मुखवटा दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा होता, विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. पांढरा रंग मारला आणि काम झालं. तुम्ही बांबूच्या कमच्या, रद्दी कागद आणि खळ घ्या, बडगे करणाऱ्या माणसालाच बसवा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. चेहरा किंचित वाकडा असला की माणसाची नजर त्यावर ठरत नाही, आणि तेच हवंय.

'ते पळून का जात नाहीत' या प्रश्नाचं उत्तर 'मोबाइलला रेंज नाही' हे देऊ नका, सगळे देतात. पोळा येतो भरपावसात. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं की गाव तुटतं, हे इथल्या प्रत्येकानं भोगलंय. शेवटची एसटी सुटली, रपटा बुडाला, बस. बैल मात्र पडद्यावर आणायच्या भानगडीत पडू नका, जनावर दाखवायला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आगाऊ परवानगी लागते. लांबून घुंगुरमाळांचा आवाज आला तरी पोळा कळतो.

पण खऱ्या पावसात शूटिंग करू नका. आवाज जातो, कॅमेरा जातो, आणि पोरं तापानं पडतात. तारखांचा आणखी एक पेच आहे. सगळ्यात लांब रात्री डिसेंबरात, पण दिवाळी ते होळी झाडीपट्टीचा हंगाम. ज्यांना मोठ्यानं किंचाळूनही खरं दिसता येतं असे नट-नट्या तेव्हा रोज वेगळ्या गावात असतात. होळीनंतर ते मोकळे, पण मग ऊन. मे महिन्यात बंद लॉजच्या वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही भिंती गरम लागतात. म्हणून पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस घ्या. पाऊस हवा तिथं शेतातलं स्प्रिंकलर लावा. दोन नोझल खिडकीच्या वरच्या अंगाला बांधायचे आणि दिवा पावसाच्या मागून कॅमेऱ्याकडे मारायचा. समोरून दिवा मारलात तर पाऊस दिसतच नाही, कितीही पाणी ओता. शेतीच्या फिडरला थ्री फेज कधी रात्री असते, कधी दिवसा. मोटरवाल्याला विचारून त्याप्रमाणे रात्री लावा, किंवा सरळ टँकर सांगा.

लॉज हाती आल्यावर पहिलं काम रंगाचं. आतून चुना मारलेला असेल तर पांढऱ्या भिंती प्रकाश उधळतात आणि रात्र दुपारसारखी दिसते. मामांना विचारून, आणि लिहून घेऊन, खालच्या चार फुटांना गडद हिरवा ऑइलपेंट मारा. एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्यात असतो तसा. तो रंग बघितला की आपल्या माणसाला आपोआप ताटकळल्यासारखं होतं. वरचा चुना काव मिसळून मळकट करा. काउंटरमागं चाव्यांचे हुक, पितळी बिल्ले, जाड रजिस्टर. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला अख्ख्या लॉजचा नकाशा पाठ झाला पाहिजे: जिना कुठं, मागचं दार कुठं, कोणती खोली कोणत्या खोलीसमोर. वेटरला सामान घेऊन एकदा सगळीकडून चालवा, एकाच लांब शॉटमध्ये. पुढं कुणी 'मागच्या दारानं जाऊ' म्हटलं की प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायला हवा, कारण मागचं दार कुठं उघडतं ते त्याला माहीत आहे.

आणि कूलर. विदर्भाच्या लॉजमध्ये भुताची जागा आरशात किंवा बाथटबात नाही, कूलरमध्ये आहे. वीज तोडलेली, वर पावसाळा, आणि वरच्या मजल्यावर कुठंतरी कूलर चालू. ती घरघर, मध्येच पंप पाणी ओढतो तो आवाज. खाली बसलेल्यांपैकी एक जण मान वर करून म्हणतो, 'पावसात कूलर कोन लावते बे?' एवढंच. मी तुमच्या जागी असतो तर अर्धा सिनेमा त्या आवाजावर उभा केला असता. पात्रं वर जातात, कूलर बंद, टाकी कोरडी, आत धुळीचा थर. पण कूलरच्या गवताच्या ताट्यांना हात लावला तर ओल्या.

म्हणूनच माझ्या वाटपात ध्वनीचा आकडा जेवणाखाण्याइतकाच मोठा आहे. दीड लाख ध्वनीला: जागेवरचा रेकॉर्डिस्ट आणि नंतरचं मिक्सिंग. दीड लाख जेवण, राहणं, गाड्या. एक लाख जनरेटर, डिझेल, दिवे. एक लाख कलाकारांना, थोडं का होईना पण सगळ्यांना. पन्नास हजार रक्त, जखमा, हत्यारं, रंग, कपडे. उरलेल्या पन्नासला हात लावायचा नाही, ते आपोआप संपतात. प्रत्येक खोलीत, सगळ्यांना गप्प उभं करून, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. बंद खोलीची शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते, एडिटिंगला बसलात की तिची किंमत कळेल. रातकिडे सगळीकडे पसरू नका. ते कधी थांबतात ते ठरवा. हाडाला शेवग्याची शेंग किंवा उसाचं पेर मोडा, मांसाला टरबुजात सुरी फिरवा, माइक अगदी जवळ ठेवून.

कॅमेऱ्याबद्दल एकच: सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्याशी न जुळणारं काही ठेवलंत तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रावर पट्टे सरकू शकतात, आणि ते नंतर काढणं फार अवघड.

आता रक्त, माझा आवडता विषय. 1960 च्या 'सायको'त मोटेलच्या न्हाणीघरात वाहिलेलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. सिनेमा कृष्णधवल, म्हणून खपलं. तुम्ही बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून लिक्विड ग्लुकोज आणा. किलोभर ग्लुकोजला थोडं कोमट पाणी, खाण्याचा लाल रंग, चमचाभर कोको आणि निळ्या रंगाचे दोन थेंब. निळा विसरलात तर ते रुह अफ्जा दिसतं. ज्या दिव्याखाली शॉट आहे त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून तपासा. काही एलईडींखाली तेच रक्त नारिंगी होतं. हे तोंडात चालतं. कपड्यांवरच्या रक्ताला भांडी घासायच्या लिक्विडमध्ये रंग कालवा म्हणजे धुता येतं, पण ते डोळ्या-तोंडाजवळ नेऊ नका. ज्याला मारायचंय त्याचा शर्ट तिहेरी घ्या, सारख्या मापाचा, सारखा धुतलेला. बीटाच्या नादी लागू नका, तासाभरात तपकिरी पडतं. गुलाल, कुंकू कालवायचं तर नावही काढू नका, डोळे जातील कुणाचे.

गोड रक्ताला मुंग्या येतात, तेव्हा मेलेल्या माणसाचे शॉट आधी उरका. एका निर्मात्यानं ग्लुकोजचे पैसे वाचवायला माझ्याकडून गुळाच्या पाकाचं रक्त करून घेतलं होतं. मार्च महिना, दिवसाउजेडी प्रेताचा शॉट, मोहाच्या झाडाखाली. नट डोळे मिटून पडला होता, श्वास धरून, आणि छातीवर आधी दोन, मग वीस, मग मोजता येणार नाहीत इतक्या मधमाश्या. प्रेत उठून असं पळालं की तसा वेग मी परत कधी पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. निर्माता म्हणे, तो शॉट ठेवू का?

जखमांना जिलेटिन वापरू नका, पस्तीस अंशांच्या आसपास ते पाघळायला लागतं, अन् दिव्यांखाली आपल्याकडे ते कधीही होतं. लिक्विड लॅटेक्स आणि कापूस पुरतो. आदल्या दिवशी नटाच्या मनगटावर लावून बघा, काहींना पुरळ उठतं. भुवयांना आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना भुवया सोबत येतील. रक्त उडवायला मेडिकलमधून सलाइनची नळी आणि पन्नास मिलीची सिरिंज. नळी सत्तुराच्या कॅमेऱ्याकडून न दिसणाऱ्या बाजूला चिकटवा, दाब देणारा चौकटीबाहेर.

सत्तूर म्हणालो, पण तो तीन प्रकारचा करा: खरा, धार घासून काढलेला, फक्त एकट्याच्या क्लोजअपला. लाकडी, चंदेरी रंग दिलेला, हातात धरून चालायला. आणि फोमचा, घाव घालायला. खरं हत्यार आणि माणूस एका चौकटीत येत नाहीत, हा नियम दिग्दर्शकालाही मोडता येत नाही. घाव उलटा शूट करा: फोमचं पातं मानेला टेकवून ठेवायचं, झटक्यात ओढून घ्यायचं, आणि एडिटमध्ये चित्र उलटं फिरवायचं. चार खुनांपैकी दोनच दाखवा. पहिला पूर्ण दाखवा, म्हणजे प्रेक्षकाला कळेल तुम्ही दाखवू शकता. त्यानंतर नुसती कडी वाजली तरी पुरतं. याचा दुसराही फायदा आहे. थिएटरला लावायचा तर सेन्सॉर आलं, आणि फक्त प्रौढांसाठीचं ए प्रमाणपत्र मिळालं तर टीव्हीला तसाच विकता येत नाही. 2024 च्या नियमांपासून यूएचे, म्हणजे पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या प्रमाणपत्राचे, 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आहेत, तुमची झेप यूए 16 वर ठेवा.

लॉजमध्ये झोपू नका. रामसे बंधूंचा 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरच्या विश्रामगृहात अख्खं युनिट तिथंच ठेवून झाला, पण ते चालतं विश्रामगृह होतं. तुमचं बंद लॉज म्हणजे मण्यारीचं घर. ती रात्री फिरते, अंथरुणात शिरते, चावल्याचं धड कळतही नाही. आधी दोन दिवस सर्पमित्राला सोबत घेऊन सगळं सामान हलवा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सापाचं प्रतिविष आहे का ते स्वतः जाऊन विचारून या. जुन्या वायरिंगला हात लावू नका, जनरेटरवरून नवी वायर ओढा, मधे अर्थ लीकेज ब्रेकर, वीज गळली की पुरवठा तोडणारा. पाणी आणि कूलर एकत्र आहे, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. जंगल लगत असेल तर रात्री एकट्यानं लघवीलाही जायचं नाही. पोरींसाठी वेगळं न्हाणीघर आणि रात्री सोडायला गाडी, हे आधी ठरलं पाहिजे.

गावाला पहिल्याच दिवशी बोलवा. सरपंच, पोलीस पाटील, शाळेतली पोरं, सगळ्यांना मुखवटा हातात द्या, रक्त चाखू द्या. ठाण्यात लेखी कळवा, कोणत्या रात्री किंकाळ्या ऐकू येतील ते तारखांसकट. हे न केल्यामुळे काठ्या घेऊन धावत आलेला जमाव मी एकदा पाहिलाय, आमचा भूत झालेला नट तासभर पाण्याच्या टाकीत बसून होता. लॉजची पाटी बदला, सिनेमात गावाचं नाव घेऊ नका, 'सत्य घटनेवर आधारित' तर चुकूनही लिहू नका. मामांना उद्या ती इमारत विकायची असेल. भुताचं लॉज म्हणून नाव पडलं तर गिऱ्हाईक येणार नाही, आणि ते नुकसान तुमच्या सहा लाखांपेक्षा मोठं असेल.

राहिली नायिका. जगवा. पण तिनं काही जिंकलंय असं नको. सकाळ, रपट्यावरचं पाणी उतरलेलं, पहिली एसटी. गाडी आगारात अर्ज करून रीतसर भाड्यानं घ्या, अर्जात शूटिंग आहे हे लिहा. आदल्या संध्याकाळी याच गाडीतून पाच जण हसत उतरताना आपण पाहिलेत, तोच कंडक्टर होता. ती मागच्या सीटवर बसते. कंडक्टर जवळ येतो, तिकीट काढायच्या तयारीत, सवयीनं विचारतो, 'किती?'

ती खिडकीबाहेर बघते. तिथं कापा.